साडेसहा हजाराचं चॅनल ग्रोथ पॅकेज आणि फुकटचं यूट्यूब स्टुडिओ : दोन्ही वापरून झाल्यावर लिहू राहिले

चोपड्याला (जळगाव जिल्हा) आमचं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता आमचे हे बघतात. पाण्यातल्या मोटरी, विहिरीवरच्या मोटरी, स्टार्टर, केबल जॉइंट सगळं. २०२२ ला मी ह्यांच्या कामाचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली, मोबाईल माझा, हात ह्यांचे. कारण काय तर उन्हाळ्यात केळीला पाणी लागतं आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडतं, फेज जातो म्हणजे तीन तारांपैकी एकीतली वीज जाते, मोटरी जळतात, मग दुकानासमोर ट्रॅक्टर उभे राहतात आणि त्यातल्या कितीतरी मोटरी अशा असतात की ज्या जळायलाच नको होत्या, शेतकऱ्याला दोन गोष्टी माहीत असत्या तर चार-पाच हजार वाचले असते. तेवढंच सांगायला चॅनल काढलं. पैसे मिळतील हे नंतर कळालं.

पहिल्या दीड वर्षात ३४० सबस्क्राईबर. त्यात नातेवाईक किती ते मला नावानिशी माहीत आहे. तेव्हाच व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला, "आपका चॅनल ग्रो करवाइए, १००० सबस्क्राईबर ४००० घंटे गॅरंटी". घंटे म्हणजे लोकांनी आपले व्हिडिओ बघितलेले तास. कंपनीचं नाव इथे लिहित नाही, अशा पन्नास आहेत आणि सगळ्यांचं काम एकच आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या प्रकाराचा समजा. फोनवर मुलगा गोड बोलला, ताई ताई करत होता, म्हणाला सगळे मोठे चॅनलवाले असंच करतात. ६५०० रुपये भरले. ते पैसे कशाचे होते माहितेय का, दोन मोटरी भरल्याची मजुरी. हे काही बोलले नाहीत, म्हणाले तुला बरोबर वाटतं तर कर.

पाच दिवसात १४०० सबस्क्राईबर झाले. मला आनंद झाला, खरं सांगते, मी पेढे आणले.

मग पुढचा व्हिडिओ टाकला, "केबल जॉइंट पाण्यात का जातो", ह्यांनी दोन तास बसून समजावलेला, आधी ३४० लोकं होते तेव्हा असल्या व्हिडिओला पहिल्या दिवशी साठ-सत्तर जण बघायचे. आता १४०० होते आणि बघितलं बावीस जणांनी. जुन्या व्हिडिओंवर व्ह्यू वाढू राहिले होते पण सरासरी किती वेळ बघितलं तर १९ सेकंद, आधी तीन मिनिटाच्या वर असायचं. आणि देश बघितले तर असे देश की तिथे आमच्या मराठीतलं एक अक्षर कुणाला कळणार नाही. अडावदच्या शेतकऱ्यासाठी काढलेला व्हिडिओ तिथला माणूस कशाला बघेल? आणि दोन महिन्यांनी ते सबस्क्राईबरही उतरायला लागले, १४०० चे ११००, मग ९००. यूट्यूब खोटे खाते शोधून काढत असतं आणि ते मोजणीतून जातात. विकत घेतलेले सबस्क्राईबर, व्ह्यू, लाईक हे सगळं त्यांच्या नियमात सरळ सरळ बंदी असलेलं आहे, त्यावरून चॅनलवर कारवाईसुद्धा होऊ शकते, हे मला पैसे भरायच्या आधी वाचायला पाहिजे होतं, नाही वाचलं. त्या मुलाला फोन केला तर म्हणे ताई अजून ३००० भरा, रिफिल करून देतो.

तुम्हाला पण असा मेसेज आलेला असेल तर हिशोब नीट समजून घ्या. पार्टनर प्रोग्राम म्हणजे यूट्यूब जाहिरातीच्या पैशात चॅनलवाल्याला वाटा देतं ते, त्यासाठी १००० सबस्क्राईबर आणि मागच्या १२ महिन्यात ४००० तास लागतात, नाहीतर शॉर्ट्सवाल्यांना, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ टाकणाऱ्यांना, ९० दिवसात १ कोटी व्ह्यू. २०२३ पासून खालची एक पायरी पण आहे, ५०० सबस्क्राईबर, ९० दिवसात ३ व्हिडिओ, आणि १२ महिन्यात ३००० तास किंवा ९० दिवसात शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू, त्यात जाहिरातीचे पैसे नाही मिळत पण मेंबरशिप, सुपर थँक्स असलं, म्हणजे बघणाऱ्यांनी स्वतः दिलेले पैसे, चालू होतं. पण आकडा भरला म्हणजे झालं असं नसतं, अर्ज केल्यावर चॅनल तपासतात, माणसं बघतात. आणि जाहिरात लावून आणलेले तास त्या ४००० मध्ये धरत नाहीत, शॉर्ट्सच्या फीडमधले धरत नाहीत, प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओचे धरत नाहीत. म्हणजे गॅरंटी देणारा माणूस ज्याची गॅरंटी देतो ते त्याच्या हातातच नाहीये.

पॅकेजचं एवढंच. ५ पैकी शून्य.

आता ज्याच्याबद्दल मला मनापासून लिहायचंय ते यूट्यूब स्टुडिओ, चॅनलवाल्यांसाठी यूट्यूबचंच अॅप. हे अॅप माझ्या मोबाईलमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. मी त्यात फक्त सबस्क्राईबर किती झाले ते बघायची, दिवसातून दहा वेळा. पुण्याला माझा भाचा आहे, तो दिवाळीत आला होता, त्याने माझ्याकडून मोबाईल घेतला आणि म्हणाला मामी, तू हा आलेख कधी उघडलाच नाही का? आणि त्याने व्हिडिओ किती वेळ टिकला तो आलेख दाखवला, ऑडियन्स रिटेन्शन म्हणतात त्याला. व्हिडिओच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक रेघ असते, किती टक्के लोकं कोणत्या सेकंदाला अजून बघू राहिले आहेत ते दाखवते.

आमच्या एका व्हिडिओची रेघ अशी होती की पहिल्या तीस सेकंदात निम्म्याच्या वर लोकं निघून गेलेले. मी तो व्हिडिओ परत लावला. पहिले आठ सेकंद फिरणारा लोगो आणि ढोल. मग नमस्कार मित्रांनो. मग लाईक करा शेअर करा सबस्क्राईब करा घंटी दाबा. मग दुकानाचा पत्ता. मग ह्यांचं तोंड आणि मग ते पुस्तकी मराठीत, "आज आपण पाहणार आहोत". एकावन्नाव्या सेकंदाला मोटर दिसते. अरे, ज्याची मोटर बंद पडलीये, रात्री थ्री फेज आलीये, पाणी द्यायला तो शेतात उभा आहे, त्याच्याकडे एकावन्न सेकंद कुठून येणार? तो बिचारा पुढच्या व्हिडिओवर गेला आणि त्याने बरोबर केलं.

पुढच्या व्हिडिओत पहिल्या सेकंदाला मोटर. ह्यांचं पहिलं वाक्य, "मोटर चालू आहे पण पाणी कमी फेकते, तर आधी ती उलटी फिरते का ते बघा." बस. नमस्कार नाही, लोगो नाही. तीस सेकंदाला ७१ टक्के लोकं टिकले होते. मी तो आकडा ह्यांना दाखवला तर म्हणाले, "गिऱ्हाईक दुकानात आल्यावर आपण आधी चहा नाही पाजत, आधी विचारतो काय झालंय." खरंच तसंच आहे.

त्याच व्हिडिओतली एक गोष्ट सांगते, कारण त्यामुळे मी या अॅपची झाले. थ्री फेज मोटर उलटी फिरत असली तर पाणी येतं पण कमी येतं, आणि उपाय सोपा आहे, तीन वायरींपैकी कोणत्याही दोन आपसात बदलायच्या. हे ह्यांनी स्टार्टरवर करून दाखवलं होतं, मेन स्विच बंद करून, टेस्ट लॅम्प म्हणजे करंट आहे का ते दाखवणारा दिवा तिन्ही फेजला लावून बघून, मग लाल आणि पिवळी काढून एकमेकीच्या जागी. आता आलेखावर रेघ हळूहळू खाली उतरत जाते, सगळ्यांचीच उतरते. पण चार मिनिट दहा सेकंदाला आमची रेघ वर गेलेली, डोंगरासारखी. म्हणजे लोकं तिथे मागे नेऊन परत परत बघू राहिले होते. मला वाटलं वा, फार आवडलेलं दिसतं. मग मी स्वतः ते दहा सेकंद पाच-सहा वेळा बघितले, तेव्हा लक्षात आलं, ह्यांचा तळहात बरोबर टर्मिनलच्या वर आलेला आहे. कोणती वायर कुठे गेली ते दिसतच नाही. लोकं परत परत बघत होते कारण दिसत नव्हतं!

विचार करा, शेतात अंधारात उभा असलेला माणूस, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पक्कड, आणि तो मागे नेऊन परत बघतोय, परत बघतोय. माझ्या पोटात कालवलं. करंटचं काम आहे हे, अंदाजाने करायचं काम नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही तो भाग परत काढला, मी स्टुलावर उभी राहून मोबाईल बाजूने धरला, ह्यांनी पक्कड डाव्या हातात घेतली, आणि नवीन व्हिडिओ टाकून जुन्याच्या खाली पिन कमेंटमध्ये लिंक दिली. दुकानात कोणी समोर बसलेलं असतं तर त्याने म्हटलं असतं मिस्तरी हात बाजूला घ्या. मोबाईलमधला माणूस म्हणू शकत नाही, ते त्या रेघेने मला सांगितलं.

सावधगिरीचं पण असंच. आधी मी व्हिडिओच्या सुरुवातीला चाळीस सेकंदाची सूचना लावायची, मेन बंद करा, ओल्या हाताने हात लावू नका, चप्पल घाला. ती कोणी ऐकतच नव्हतं, सरकवून पुढे जायचे, आलेखात स्पष्ट दिसत होतं. म्हणून आता ज्या क्षणी वायरला हात लागणार त्याच्या बरोबर आधी हे थांबतात, मेन स्विचचा खटका खाली ओढतात, आवाज येतो, टेस्ट लॅम्प लावून दाखवतात आणि मगच हात लावतात. तिथे कोणी पुढे जात नाही. माझ्यासाठी हा सबस्क्राईबरपेक्षा मोठा फायदा आहे.

दुसरी कामाची जागा म्हणजे लोकं कुठून आले ते. ट्रॅफिक सोर्समध्ये जाऊन यूट्यूब सर्च दाबलं की लोकांनी नेमकं काय लिहून शोधलं ते शब्द दिसतात. आमच्या व्हिडिओंची नावं काय होती तर "सबमर्सिबल पंप रिवाइंडिंग भाग ३". आणि लोकं काय शोधत होते, "मोटर घुमते पण चालू होत नाही" (घुमते म्हणजे नुसता घूं आवाज करते), "स्टार्टर सारखा पडतो", "मोटर पाणी उचलत नाही". रिवाइंडिंग हा शब्द शेतकरी कशाला शोधेल, त्याला मोटर भरायची नाहीये, त्याला ती जळू द्यायची नाहीये. मी एक वही केली, डाव्या बाजूला लोकांचे शब्द, उजव्या बाजूला ह्यांचं उत्तर. मोटर घुमते पण उचलत नाही म्हणजे बहुतेक वेळा एक फेज गेलेला असतो, दोनच फेजवर ती जोर लावते, अँपिअर म्हणजे करंट वाढतो आणि स्टार्टरचा रिले, जो जास्त करंट आला की मोटर बंद करतो, तो नीट सेट नसला तर काही मिनिटात वाइंडिंग म्हणजे आतली गुंडाळलेली तार जळते. एवढा एक व्हिडिओ, सहा मिनिटाचा, त्याच शब्दांचं नाव देऊन टाकला. तो आमचा आजपर्यंत सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे आणि प्रत्येक उन्हाळ्यात परत वर येतो, मी काहीच न करता. सर्चवरून आलेला माणूस गरजेने आलेला असतो, तो शेवटपर्यंत बसतो.

भाषेचं पण थोडं सांगते. हे दुकानात अहिराणी बोलतात, कॅमेरा चालू झाला की शाळेतल्या भाषणासारखं बोलायला लागायचे, अडकायचे, घाम यायचा. मी म्हटलं गिऱ्हाईकाशी बोलता तसं बोला. पूर्ण अहिराणी केली तर बाहेरच्याला कळत नाही, म्हणून मराठीच, पण आपल्याकडची, "मोटर जळू राहिली", "पाणी येऊन राहिलं" अशी. त्यावरून एका बाहेरगावच्याने कमेंट केली होती की शुद्ध बोला. पण धुळे, शिरपूर, शहाद्याचे लोक त्याच व्हिडिओखाली लिहितात, "भाऊ, तुमना व्हिडिओ देखीसन मोटर चालू व्हयनी". बऱ्हाणपूरहून पण फोन येतात. मी ह्यांना बदलू देणार नाही.

शॉर्ट्सबद्दल लोक फार विचारतात. बोअरमधून मोटर वर ओढताना, तिपाई आणि चेनपुली लावून, पाईप एकेक करून काढताना, असा एक शॉर्ट टाकला होता, तो खूप पळाला, लाखाच्या वर गेला. पण त्यातून आलेले लोकं लांब व्हिडिओ बघत नाहीत हे स्टुडिओतच दिसतं. आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, त्यामुळे तो मोठा आकडा बघून फार हुरळून जायचं नाही. मी आता शॉर्ट टाकते तेव्हा त्याला संबंधित लांब व्हिडिओ जोडते, तसं बटण आहे, त्याने थोडे लोकं सरकतात. पैशाचं म्हणाल तर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतून ५५ टक्के आपल्याला, शॉर्ट्सवर ४५ टक्के.

थंबनेलला, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणाऱ्या फोटोला, पण क्लिकचा टक्का दिसतो, म्हणजे शंभर वेळा समोर आला तर किती जणांनी दाबला. यूट्यूबचं स्वतःचं म्हणणं आहे की निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा टक्का २ ते १० च्या मध्ये असतो, म्हणून ४ आला तर रडत बसू नका. आमचे आधीचे थंबनेल म्हणजे ह्यांचा फोटो, बाण, आगीचा फोटो, लाल अक्षरं. आता जळालेल्या वाइंडिंगचा जवळून काढलेला फोटो, काळी पडलेली तार, आणि दोन शब्द, "फेज गेला". कॉम्प्युटरवरच्या स्टुडिओत एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून कोणतं चालतं ते तपासता येतं, ते काम भाच्याकडे दिलंय. प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात तो पण एक आलेख आहे, आमचा जांभळा रंग रात्री उशिरा गडद असतो, का ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको, थ्री फेज रात्री असते. म्हणून लाईव्ह घ्यायचं असलं तर मी रात्री दहाला घेते. बाकी व्हिडिओ कोणत्या वेळेला टाकला याने लांबच्या हिशोबात फरक पडत नाही, ते उगाच लोकांनी मोठं केलेलं आहे.

खर्च जो खरंच कामाचा झाला तो एकच, जळगावला गोलाणी मार्केटमधून कॉलरचा वायरलेस माईक घेतला. दुकानात घण चालू असतो, बाहेर ट्रॅक्टर, आधीच्या व्हिडिओत ह्यांचं अर्धं बोलणं ऐकूच यायचं नाही. ६५०० आधीच वाया गेले नसते तर माईक दीड वर्ष आधी आला असता.

स्टुडिओ शिकायला मला वेळ लागला, दोन-तीन महिने रोज रात्री भांडी आवरल्यावर अर्धा तास. रिटेन्शनचा आलेख लगेच येत नाही, एक-दोन दिवस थांबावं लागतं, आणि व्हिडिओ फार कमी जणांनी बघितला असेल तर तो भरतच नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. सबस्क्राईबरचा आकडा मी आता आठवड्यातून एकदा बघते, सोमवारी. सध्या ४२०० आहेत, आणि पॅकेजचे जे काही उरलेत ते अजून त्यात आहेत, ते काढायची मला काही सोय सापडली नाही. पार्टनर प्रोग्रामला अर्ज मागच्या वर्षी मंजूर झाला. पहिले १० डॉलर जमल्यावर पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो आणि १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, पोस्टमनला आधी सांगून ठेवा, आमचा पिन शेजारच्या गल्लीत त्याच आडनावाच्या घरी गेला होता.

आणि एक, ज्यांनी असल्या पॅकेजवाल्यांना पासवर्ड दिलेला आहे त्यांनी आजच बदला. गुगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन अनोळखी डिव्हाइस काढून टाका, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवर परत खात्री करायची सोय, चालू करा. कोणाची मदत घ्यायचीच असेल तर पासवर्ड द्यायची गरज नसते, स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परमिशन म्हणून आहे, तिथून माणसाला फक्त बघायचा किंवा बदल करायचा हक्क देता येतो आणि पाहिजे तेव्हा काढता येतो. भाच्याला मी एडिटर केलंय, तो पुण्यात बसून थंबनेल बदलतो, आणि बदलल्यावर मला फोन करून विचारतो, मामी, मामांना आवडलं का?